बाजारहाट आणि ढळती बोधनशक्ती : रायपूरच्या मराठी वस्तीच्या संदर्भात डिमेन्शियाचा आढावा

वय वाढते तशी माणसाची बोधनशक्ती, म्हणजे लक्ष देणे, नवे ध्यानात ठेवणे, योग्य शब्द सापडणे, दिशा ओळखणे, आकडेमोड करणे आणि या सगळ्यांची सांगड घालून निर्णय घेणे ही मेंदूची एकत्रित क्षमता, थोडीफार मंदावते. परंतु ही मंदगती आणि डिमेन्शिया यांत मोठे अंतर आहे. डिमेन्शिया हे एका रोगाचे नाव नाही. मेंदूच्या निरनिराळ्या विकारांमुळे बोधनशक्तीची अंगे पूर्वीच्या मानाने इतकी खालावतात की माणसाला आपले नेहमीचे व्यवहार दुसऱ्याच्या आधाराशिवाय निभावता येत नाहीत, तेव्हा त्या लक्षणसमूहाला हे नाव दिले जाते. या व्याख्येतील ‘नेहमीचे व्यवहार’ हे शब्द वाचताना सहज मागे पडतात, पण निदानाचा कणा तेच आहेत. कारण व्यवहार कोणाचे, कोणत्या गावातले आणि कोणत्या भाषेतले हे ठरल्यावाचून ऱ्हास किती झाला हे मोजताच येत नाही.

रायपूरचा गोल बाजार आणि त्याच्या आसपास रुजलेली मराठी वस्ती या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात, विशेषतः १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागल्यावर, मराठी कारकून, पुरोहित, शिलेदार आणि व्यापारी छत्तीसगडात स्थिरावले. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले तरी मध्य प्रांताच्या शाळा, कचेऱ्या आणि पुढे रेल्वे यांमुळे विदर्भाकडून येणारा हा ओघ आटला नाही. तात्यापारा, बूढापारा हे मोहल्ले आणि चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ ही त्याची आजची खूण. या घरांतील वृद्ध पिढी स्वयंपाकघरात मराठी, दुकानात हिंदी आणि भाजीवालीशी किंवा रिक्षावाल्याशी छत्तीसगढी बोलत आलेली आहे, आणि सदर बाजार व मालवीय रोड यांच्या कुशीतला गोल बाजार हे तिच्या आयुष्यभराच्या बाजारहाटाचे ठिकाण आहे. किराणा, भांडी, बांगड्या, पूजेचे सामान, लग्नाचा बस्ता असे सारे दाटीवाटीच्या गल्ल्यांत मिळत असल्याने तेथील एक साधी फेरीदेखील मेंदूकडून बरेच काम करून घेते. गौरी-गणपतीचे सामान आणायला निघालेल्या गृहिणीला यादी मनात धरावी लागते, ओळखीच्या दुकानाकडे जाणारी गल्ली गर्दीतून हेरावी लागते, गलक्यात दुकानदाराचे बोलणे ऐकू यावे लागते, मागचा भाव आठवून घासाघीस करावी लागते, पाचशेच्या नोटेतून किती परत यायला हवेत हे मनातल्या मनात काढावे लागते आणि कापूर राहून गेला हे घरी पोचण्याआधी लक्षात यावे लागते. अल्पकालीन स्मृती, दिशाज्ञान, लक्ष एका जागी टिकवणे, भाषा, गणन, नियोजन : मेंदूतज्ज्ञ ज्या अंगांची वेगवेगळी परीक्षा घेतात, ती सारी येथे तासाभरात एकत्र लागतात. घरातली कामे ठरलेल्या क्रमाने होत असल्याने तेथील चुका झाकल्या जातात आणि सून किंवा मुलगा नकळत त्या सावरून घेतो. बाजारात सावरून घेणारे कोणी नसते, म्हणून ऱ्हासाची पहिली चिन्हे पुष्कळदा घराआधी दुकानदाराच्या नजरेस पडतात.

ती चिन्हे नेमकी कोणती, याबद्दल समाजात घोळ आहे. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे, ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडणे आणि थोड्या वेळाने आठवणे, हे वयाला धरून आहे. याउलट एकच जिन्नस लागोपाठ तीन दिवस आणणे, पैसे दिल्याचा प्रसंगच डोक्यातून पुसला जाऊन दुकानदाराशी वाद घालणे, चाळीस वर्षांच्या पायाखालच्या रस्त्यावर चुकणे, ही वेगळ्या जातीची विस्मृती आहे. येथे आठवण उशिरा येत नाही, ती मुळात साठवलीच गेलेली नसते. या दोहोंच्या मध्ये सौम्य बोधनऱ्हास म्हणून ओळखली जाणारी अवस्था येते, जिच्यात चाचणीत घसरण दिसते पण माणूस आपला संसार आपण चालवू शकतो. अशा व्यक्तींपैकी काहींना पुढे डिमेन्शिया होतो, काही वर्षानुवर्षे तेथेच राहतात आणि काही चक्क पूर्ववत होतात, हे ध्यानात घेतले तर या टप्प्यावर कुटुंबाने हाय खाण्याचे कारण उरत नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणत किंवा म्हातारचळ लागला असे सांगत घरोघरी या सगळ्यांची एकाच खात्यात नोंद केली जाते आणि त्यामुळे दोन उलट्या चुका होतात : खरा रोग वयाच्या नावावर खपतो, आणि बरा होण्याजोगा विकार असाध्य समजून सोडून दिला जातो.

दुसरी चूक अधिक क्षोभकारक आहे, कारण ती टाळणे फारसे अवघड नसते. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, जी शाकाहारी वृद्धांत आणि मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत वारंवार आढळते, थायरॉइडची मंदावलेली क्रिया, पडल्यानंतर कवटीच्या आत हळूहळू साचणारे रक्त, मेंदूतील पोकळ्यांत द्रव तुंबून चाल, लघवी आणि बुद्धी या तिन्हींवर होणारा परिणाम, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या, आणि वृद्धांचे नैराश्य, जे विस्मरणाचे सोंग बेमालूम वठवते : या सर्वांचा शोध साध्या रक्ततपासण्या, मेंदूचे एक चित्र आणि औषधांच्या चिठ्ठ्यांची नीट चाळणी यांतून लागतो. तासादिवसांत अचानक उद्भवलेला, दिवसभरात कमीजास्त होणारा गोंधळ हा तर डिमेन्शिया नसून डिलिरियम असतो. त्यामागे मूत्रमार्गाचा संसर्ग, सोडियमची घट किंवा न्यूमोनिया असू शकतो, आणि अशा वेळी एक दिवस वाट पाहणेही महागात पडते. तरुण प्रौढांतील ऱ्हासाची कारणे वेगळी असतात आणि छत्तीसगडात त्यांतील एकाकडे विशेष लक्ष द्यावे लागते : सिकल सेल आजारात रक्तवाहिन्या अडून मेंदूला सूक्ष्म, वरकरणी न जाणवणाऱ्या इजा होऊ शकतात, आणि तिशीतल्या माणसाचा मंदावलेला हिशेब आळशीपणाच्या नावावर जमा होतो.

डिमेन्शियामागच्या रोगांच्या इतिहासाची सुरुवात सामान्यतः फ्रँकफर्टपासून होते. तेथील रुग्णालयात १९०१ साली दाखल झालेल्या ऑगस्ट डेटर या एक्कावन्न वर्षांच्या स्त्रीच्या वागण्याची नोंद आलोइस अल्झायमर यांनी ठेवली, १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर मेंदूचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्यूबिंगेन येथील सभेत चेतापेशींबाहेरचे थर आणि पेशींच्या आतली तंतूंची गुंतवळ यांचे वर्णन केले. १९१० मध्ये मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात त्या रोगाला अल्झायमरचे नाव दिले. ते थर ॲमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे आणि गुंतवळ टाऊ नावाच्या प्रथिनाची, हे पुढे कळले. पहिली रुग्ण तुलनेने कमी वयाची असल्याने हा रोग दुर्मीळ आणि अकाली समजला गेला, आणि म्हातारपणातील डिमेन्शियाही बहुतांशी तोच आहे हे मान्य व्हायला जवळपास सहा-सात दशके गेली. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या मते डिमेन्शियाच्या ६० ते ७० टक्के प्रकरणांत अल्झायमरचा वाटा असतो. तो बहुधा नव्या आठवणींपासून सुरू होतो. रक्तवाहिन्यांच्या विकारातून येणारा प्रकार पायरीपायरीने उतरतो आणि त्यात विस्मरणापेक्षा विचारांची संथगती व नियोजनातील अडखळ आधी दिसते. चेतापेशींत साचणाऱ्या ल्यूई कणांच्या प्रकारात नसलेली माणसे किंवा जनावरे दिसतात, हालचाल कंपवातासारखी जखडते आणि शुद्धीचा आलेख एकाच दिवसात वरखाली होतो. तर कपाळामागच्या व कानशिलाजवळच्या भागांना ग्रासणाऱ्या प्रकारात स्मृती शाबूत असताना स्वभाव पालटतो, आणि आयुष्यभर काटकसरीने वागलेला गृहस्थ बाजारात उधळपट्टी करू लागतो किंवा दुकानातली वस्तू न विचारता उचलतो. मोठ्या वयात हे प्रकार एकाच मेंदूत सरमिसळ झालेले आढळतात, त्यामुळे पाठ्यपुस्तकातील रेखीव सीमा प्रत्यक्षात क्वचितच टिकतात.

भारतात हे प्रमाण किती, या प्रश्नाची उत्तरे तीस वर्षांत फार बदलली. हरियाणातील बल्लभगढ येथील भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासाने १९९८ मध्ये ६५ वर्षांवरील ग्रामीण लोकसंख्येत डिमेन्शियाचे प्रमाण अवघे १.३६ टक्के असल्याचे सांगितले, आणि भारतीय आहारात किंवा जनुकांत काही संरक्षक तत्त्व असावे अशा चर्चेला ऊत आला. त्यानंतर देशव्यापी नमुन्यावर झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड या पाहणीने ६० वर्षांवरील लोकांत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, असल्याचा अंदाज दिला. स्त्रियांत ते पुरुषांपेक्षा आणि ग्रामीण भागात शहरांपेक्षा जास्त निघाले. दोन आकड्यांतील तफावतीचा काही भाग वाढलेल्या आयुर्मानाचा आहे, पण मोठा भाग व्याख्या आणि मोजपट्टी यांचा आहे. ज्या घरात वृद्धाकडून कामाची अपेक्षाच उरलेली नाही, तेथे काम जमत नाही ही तक्रार नोंदवली जात नाही. उलट शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रीला कागद-पेन्सिलीची चाचणी दिली तर ती निरोगी असूनही नापास होते. संरक्षक आहाराची कल्पना सुखावणारी असली तरी मोजपट्टीतील दोषाची शक्यता तिच्याहून अधिक पटण्याजोगी आहे.

मोजपट्टीचा प्रश्न रायपूरच्या मराठी वृद्धांबाबत विशेष टोकदार होतो. १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेली तीस गुणांची मिनी मेंटल स्टेट परीक्षा तारीख, शंभरातून सात-सातची वजाबाकी, वाक्यलेखन, आकृती काढणे अशा प्रश्नांवर उभी आहे. बल्लभगढच्या अभ्यासकांनी तिचे नुसते भाषांतर न करता हिंदी आवृत्तीत लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काहीतरी सांगा असे विचारले, लेखी सूचना वाचून डोळे मिटण्याऐवजी परीक्षकाची नक्कल करायला सांगितले आणि वजाबाकीच्या जागी आठवड्याचे वार उलटे म्हणवून घेतले; शिवाय दैनंदिन कामांची वेगळी भारतीय प्रश्नावली बनवून वृद्धाला सणवार लक्षात राहतात का, गावात वाट चुकते का, घरच्या लग्नकार्यात त्याचे मत घेतले जाते का, असे प्रश्न नातलगांना विचारले. ही दिशा योग्यच होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुढे विकसित केलेला चाचणीसंच प्रथम हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत आला. मराठी त्या पहिल्या पाचांत नव्हती.

मात्र मराठी चाचणी असून भागत नाही आणि हिंदी असूनही, हे महिना कोणता या साध्या प्रश्नावरून दिसते. मराठी घरात अमावास्येला संपणारा महिना धरतात, तर छत्तीसगडात पौर्णिमेला संपणारा. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असला तरी वद्य पक्षात एका नावाचे अंतर पडते. बैलांचा सण दोन्हीकडे एकाच दिवशी असतो, पण मराठी आजी त्याला श्रावण अमावास्येचा पोळा म्हणते आणि शेजारीण भादोंच्या अमावस्येचा पोरा. गोकुळाष्टमीही एकीच्या श्रावणात आणि दुसरीच्या भाद्रपदात येते. पंचांगावर जगणाऱ्या वृद्धेने दिलेले अचूक उत्तर, परीक्षकाला हा भेद ठाऊक नसेल तर, कालभान हरपल्याचा पुरावा म्हणून नोंदले जाऊ शकते. याच्या नेमकी उलट फसगत पाढ्यांबाबत होते. जुन्या मराठी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेतली जात असे, आणि लहानपणी पाठ झालेल्या अशा शब्दमालिका अल्झायमरमध्येही दीर्घकाळ तगून राहतात. त्यामुळे दिडकी खडखडीत म्हणून दाखवणारे आजोबा पाहून कुटुंब निर्धास्त होते, पण तेच आजोबा २०१६ नंतर बदललेल्या नोटा ओळखताना घुटमळतात आणि फोनवरून पैसे चुकते करण्याची नवी रीत कितीही वेळा शिकवली तरी दुसऱ्या दिवशी पाटी कोरी असते. जुने शाबूत आणि नवे नापीक, ही विषमता हाच अल्झायमरच्या प्रारंभाचा विश्वासार्ह संकेत आहे. काही चाचण्यांत मिनिटभरात प्राण्यांची नावे सांगायला लावण्याऐवजी बाजारातल्या वस्तू विचारतात, आणि अल्पशिक्षितांसाठी तो प्रश्न न्याय्य ठरतो. गोल बाजारात हयात गेलेल्या माणसाला किराणा दुकानातले जिन्नस विचारल्यावर तो तिसऱ्या-चौथ्या नावानंतर थांबला, तर ते थांबणे शिक्षणाच्या अभावाने समजावून सांगता येत नाही.

अनेक भाषांत वावरणे हे मेंदूला काही प्रमाणात तारक ठरते का, यावर हैदराबादच्या निझाम आयुर्विज्ञान संस्थेत सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी केलेला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. डिमेन्शिया झालेल्या ६४८ रुग्णांत एकभाषकांच्या तुलनेत द्विभाषकांना लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे त्यांना आढळले, आणि निरक्षरांतही हा फरक दिसल्याने तो निव्वळ शिक्षणाचा परिणाम मानता येत नाही. दिवसातून पन्नासदा एक भाषा दाबून दुसरी पुढे आणण्याच्या सरावातून मेंदूत राखीव क्षमता तयार होते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. समाजातील निरोगी लोकांना वर्षानुवर्षे पाहणाऱ्या इतर अभ्यासांत मात्र हा लाभ एकसारखा दिसलेला नाही. रायपूरच्या मराठी कुटुंबांना यातून दिलासा घेता येईल, पण तो बेतानेच घ्यावा. रोग बळावल्यावर भाषांची सरमिसळ होते, कोणाशी कोणती भाषा बोलायची याचा विवेक सुटतो आणि पुष्कळदा पहिली भाषा अधिक काळ टिकते. अशा वेळी फक्त हिंदी किंवा छत्तीसगढी जाणणाऱ्या सेविकेच्या हाती सोपवलेली वृद्धा बोलणे बंद झाले म्हणून गेलीच असे समजले जाते, वास्तविक तिला उत्तर देणारे कोणी उरलेले नसते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (२०१३) या मराठी चित्रपटात मोहन आगाशे यांनी उभा केलेला संस्कृत पंडित पुण्याच्या रस्त्यावर हत्तीमागून चालत हरवतो आणि कानडी बोलणाऱ्या माहुताच्या बायकोत आई शोधतो. शब्दांचा अर्थ संपल्यावरही स्वर आणि स्पर्श पोचतात, हे त्या कथेने वैद्यकीय ग्रंथांहून नेमके दाखवले आहे.

डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांचा हिशेब ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने वेळोवेळी मांडला आहे. २०२४ च्या अहवालात अशी १४ कारणे असून ती सर्व दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकेल, असा अंदाज आहे. तो लोकसंख्येचा आहे, एखाद्या व्यक्तीला दिलेली हमी नव्हे. या यादीत बालपणीचे अपुरे शिक्षण, ऐकू न येणे, रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, एकटेपणा, दृष्टिदोष आणि प्रदूषित हवा यांचा समावेश आहे. उरला आणि सिलतरा येथील स्पंज आयर्नच्या कारखान्यांमुळे रायपूरच्या हवेचा प्रश्न सर्वांना ठाऊक आहे, आणि तो कोणा एका घराला सोडवता येणार नाही. बहिरेपणाचा प्रश्न मात्र घरात सुटण्याजोगा असून सर्वांत दुर्लक्षित आहे : बाजाराच्या गलबल्यात ऐकू येईनासे झालेला माणूस आधी बाजार सोडतो, मग मंडळाचे कार्यक्रम, मग बोलणे, आणि मेंदूला मिळणारे खाद्य तुटते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबवू नये आणि श्रवणयंत्राला लाजू नये, या दोन गोष्टी महागड्या बुद्धिवर्धक चूर्णांपेक्षा कितीतरी भरवशाच्या आहेत.

उपचारांच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवाव्या लागतात. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन आणि मेमँटिन ही औषधे काही काळ लक्षणे सावरतात, रोग थांबवत नाहीत. मेंदूतील ॲमिलॉइड धुऊन काढणारे लेकॅनेमॅब हे इंजेक्शन २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळवून आले. चाचणीत दीड वर्षात ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी कमी झाला, पण १८ गुणांच्या मापनात हा फरक अर्ध्या गुणाहूनही थोडा कमी होता, आणि मेंदूला सूज येण्याचा वा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो. २०२५ मध्ये रक्तातील टाऊ व ॲमिलॉइड यांचे गुणोत्तर पाहणाऱ्या चाचणीलाही तेथे परवानगी मिळाली. ही प्रगती खरी आहे. तथापि रक्ताची चाचणी प्रथिन सांगते, गृहस्थाला सौदा जमतो की नाही ते सांगत नाही, आणि प्रथिन असूनही लक्षणे नसलेले वृद्ध पुष्कळ असतात.

त्यामुळे मुख्य भार सांभाळण्यावर येतो, आणि तो बहुतेक घरांत सुनेवर किंवा लेकीवर पडतो. पाटल्या चोरल्याचा आळ, संध्याकाळी वाढणारी अस्वस्थता, ‘मला घरी जायचे आहे’ हा स्वतःच्याच घरात धरलेला हट्ट, ही रोगाची लक्षणे आहेत; ठेवलेली वस्तू आठवत नाही तेव्हा ती रिकामी जागा मेंदू संशयाने भरून काढतो, आणि जवळच्या माणसावर आळ येतो तो केवळ तो जवळ असल्यामुळे. वाद घालून पटवण्यापेक्षा सोबत शोधू लागणे अधिक उपयोगी पडते. केरळात कुन्नमकुळम येथे १९९२ मध्ये स्थापन झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेने अशा कुटुंबांसाठी देशात पायाभूत काम केले. जपानने २००५ पासून दुकानदार, बँक कर्मचारी, पोलीस यांना सुमारे दीड तासाचे प्रशिक्षण देऊन एक कोटीहून अधिक डिमेन्शिया-साहाय्यक तयार केले. गोल बाजारासारख्या, तीन-तीन पिढ्यांची गिऱ्हाइके नावाने ओळखणाऱ्या बाजारात तशा प्रशिक्षणाचे निम्मे काम आधीच झालेले आहे.

कुटुंबे ज्या ठिकाणी हमखास गाफील सापडतात ते म्हणजे कायदा. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार करार करताना माणसाची बुद्धी स्थिर असावी लागते, आणि त्याच कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र लिहून देणाऱ्याची बुद्धी ढळली की मुखत्यारीच संपते, म्हणजे ज्या दिवसासाठी ते पत्र करून ठेवलेले असते नेमक्या त्याच दिवशी ते निरुपयोगी होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांबाबत आगाऊ निर्देश देण्याची आणि प्रतिनिधी नेमण्याची सोय केली, पण दुकान, घर आणि ठेवी तिच्या कक्षेबाहेर आहेत. निदान लवकर झाले तर माणूस शुद्धीत असताना मृत्युपत्र, संयुक्त खाते आणि वाटणीची व्यवस्था त्याच्याच इच्छेने होऊ शकते. उशीर झाला तर पालक नेमून घेण्यासाठी बहुधा उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि रायपूरच्या कुटुंबाला त्यासाठी बिलासपूरच्या खेपा घालाव्या लागतात.